आधार आणि कसब

गोल्फच्या खेळातील एका नियमाविषयी आज मी बोलणार आहे. हा खेळ आपल्याकडे थोडेच लोक खेळतात. तेव्हा लांब दांड्याचा पटर छातीला टेकवून चेंडू मारू द्यावा की न द्यावा, या वादाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न खेळापुरता नाही. माणसाच्या हाताला आधार किती असावा, आणि कोणत्या मर्यादेपलीकडे तो आधार कसबाचीच जागा घेतो, असा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना गोल्फच्या मैदानाइतकाच तंजावरच्या दरबाराचाही उपयोग होतो, असे मला वाटते.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. गोल्फच्या मैदानात 18 ठिकाणी आखूड गवताची हिरवळ राखलेली असते, आणि प्रत्येक हिरवळीत सव्वाचार इंच व्यासाचा एक खळगा असतो. दूरवरून मारलेला चेंडू हिरवळीवर पोहोचला की तो हलक्या हाताने या खळग्यात घालवायचा. त्यासाठी जी सपाट तोंडाची काठी वापरतात तिला पटर म्हणतात. 72 फटक्यांच्या मैदानावर प्रत्येक खळग्याला दोन या हिशेबाने 36 फटके पटरचे धरलेले असतात. म्हणजे निम्मा खेळ याच फटक्यांचा. येथे बळाचे काही चालत नाही. अडीचशे यार्ड चेंडू झुगारणारा धिप्पाड खेळाडू चार फुटांवरून चुकतो तो येथेच. कित्येक नामांकित खेळाडूंना ऐन क्षणी मनगटाला नकळत झटका बसण्याची व्याधी जडते. तिला त्या खेळात यिप्स असे नाव आहे. तिने अनेकांचा उमेदीचा काळ खाऊन टाकला आहे.

अशा खेळाडूंना लांब दांड्याचा पटर वरदान वाटला यात नवल नाही. दांड्याचे वरचे टोक पोटाला किंवा छातीला घट्ट टेकवायचे आणि खालचा भाग घड्याळाच्या लंबकाप्रमाणे झुलवायचा. वरचे टोक स्थिर राहिले की मनगटाच्या थरथरीला फारसा वाव उरत नाही. ही पद्धत कित्येक वर्षे खपवून घेतली गेली. परंतु 2011 मध्ये कीगन ब्रॅडली याने असा पटर पोटाला टेकवून अमेरिकेतील पी.जी.ए. अजिंक्यपद जिंकले. 2012 मध्ये वेब सिम्प्सन अमेरिकन ओपनचा आणि एर्नी एल्स ब्रिटिश ओपनचा विजेता ठरला, तोही असाच आधार घेऊन. त्याच वर्षी नोव्हेंबरात सेंट अँड्र्यूजची आर अँड ए आणि अमेरिकेची गोल्फ असोसिएशन, या दोन्ही नियमसंस्थांनी बंदीचा प्रस्ताव मांडला. मे 2013 मध्ये तो कायम झाला आणि 1 जानेवारी 2016 पासून अमलात आला. बंदी लांब पटरवर नाही. तो आजही वापरता येतो. बंदी आहे ती त्याचे टोक शरीराला खिळवून ठेवण्यावर.

बंदीला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हलके नव्हते. ते म्हणत, आजवर जे चालले ते आजच अन्याय्य कसे ठरले? या पद्धतीने अधिक चेंडू खळग्यात जातात हे आकड्यांनी सिद्ध झाले आहे काय? आणि पोलादाचे दांडे, पोकळ धातूची मोठी डोकी, नवनवे चेंडू हे सारे आधार चालतात, तर म्हाताऱ्या किंवा थरथरणाऱ्या हाताचा एवढा एकच आधार का खुपावा? नियमसंस्थांनी आकड्यांचा आश्रय घेतला नाही. चेंडूला मारायचा तो काठी मोकळी फिरवून, हे खेळाचे स्वरूप आहे, आणि टोक खिळवले की ते स्वरूप बदलते, एवढेच त्यांचे उत्तर होते.

हे उत्तर पुरेसे आहे काय? येथे मला तंजावरची आठवण होते. कोलकात्याचा गोल्फ क्लब 1829 साली स्थापन झाला; ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना. त्या वेळी तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजीराजे होते. 1798 पासून 1832 पर्यंतच्या त्यांच्या कारकिर्दीत सरस्वती महाल ग्रंथालय भरभराटीस आले, आणि युरोपची वाद्येही दरबारात आली. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू याच दरबारचे. त्यांपैकी वडिवेलू यांनी व्हायोलिन आत्मसात केले. पुढे ते त्रावणकोरला गेले आणि 1834 साली स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन देऊन गौरविले.

आता कर्नाटक पद्धतीचा वादक हे वाद्य कसे धरतो ते पाहावे. युरोपातील वादक ते हनुवटीखाली दाबून धरतो. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे एक टोक छातीशी किंवा खांद्याशी टेकवितो आणि दुसरे टोक उजव्या पावलावर विसावू देतो. म्हणजे वाद्य शरीराला दोन्हीकडून खिळलेलेच असते. याला कोणी लबाडी म्हटले नाही. उलट या आधारामुळे डावा हात वाद्याचा भार वाहण्यातून सुटला, आणि तारेवरून लांबवर घसरत जाऊन कंठातील गमक हुबेहूब काढू लागला.

मग वादकाचा आधार गौरवास्पद आणि गोल्फवाल्याचा निषिद्ध, असा पंक्तिप्रपंच का? भेद आधारात नसून ज्याची परीक्षा व्हायची त्या गुणात आहे. व्हायोलिनमध्ये परीक्षा स्वराची आहे, वाद्य पेलण्याची नव्हे. पावलाने भार घेतला तरी एकही स्वर पाऊल लावीत नाही. तो बोटालाच शोधावा लागतो, आणि आधारामुळे त्याचे काम अधिक बिकट झाले आहे. पटरच्या फटक्यात मात्र दुसरे आहेच काय? हिरवळीचा उतार ओळखणे आणि तो ओळखल्यावर दोन्ही हात स्थिर ठेवणे, एवढीच ती परीक्षा. टोक छातीला खिळविले की तिचा अर्धा भाग छातीच देऊन टाकते. एक आधार हाताला अवघड कामासाठी मोकळा करतो. दुसरा अवघड काम हाताकडून काढून घेतो. आपली मुले गोट्या खेळताना अंगठा जमिनीला रोवतात. तेथे तो डावाचाच भाग आहे, कारण पाहायचा असतो तो नेम. आधार कोणत्या गुणाला हात घालतो, हे प्रत्येक खेळाने आपल्यापुरते ठरवायचे असते.

म्हणून बंदी तत्त्वतः योग्य होती असे मी म्हणेन. तथापि ती ज्या वेळी आली त्याबद्दल समाधान वाटत नाही. अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडूंत या पद्धतीचे प्रमाण 2012 पर्यंत सुमारे 15 टक्क्यांवर गेले होते. ज्यांनी तरुणपणीच ती आत्मसात केली त्यांची उपजीविका तिच्यावर उभी होती. अजिंक्यपदे जाऊ लागली तेव्हाच तत्त्व आठवले, अशी शंका त्यांना आली तर त्यांना दोष देता येत नाही. या शंकेला इतिहासाचा आधारही आहे. 1904 साली अमेरिकेच्या वॉल्टर ट्रॅव्हिस याने मध्यभागी दांडा बसविलेला पटर घेऊन ब्रिटनचे हौशी अजिंक्यपद जिंकले, आणि 1910 साली सेंट अँड्र्यूजने तसल्या पटरला बंदी केली. ती 1951 मध्ये उठली. चाळीस वर्षांनी मागे घ्यावा लागणारा नियम करण्यापेक्षा सुरुवातीसच विचार करणे बरे.

तरीही या वेळी दोन गोष्टी नीट झाल्या. नियम मागे जाऊन लागू केला नाही. खेळाडूंना अडीच वर्षांहून अधिक अवधी मिळाला, आणि ॲडम स्कॉट याने एप्रिल 2013 मध्ये लांब पटर छातीशी टेकवून जिंकलेले मास्टर्सचे अजिंक्यपद त्याचेच राहिले. दुसरे असे की, अवयव गमावल्यामुळे किंवा जन्मतः वेगळा असल्यामुळे ज्याला टेकविल्यावाचून काठी धरताच येत नाही, त्याला 2023 च्या नियमांत मोकळीक दिली आहे. जेथे आधारावाचून खेळणेच अशक्य, तेथे आधार द्यावा. जेथे तो केवळ सोयीचा, तेथे खेळाचा कस राखावा, हा विवेक मला मोलाचा वाटतो.

राहता राहिला तो थरथरणाऱ्या मनगटाचा माणूस. तो अपंग नाही, पण सर्वांसारखा निरोगीही नाही. त्याचे काय झाले? बर्नहार्ड लांगर याने लांब पटर छातीपासून दूर धरून ज्येष्ठांच्या स्पर्धा जिंकणे चालू ठेवले. 2017 मध्ये त्याच्यावर शंका घेतली गेली, तेव्हा नियमसंस्थांनी त्याला निर्दोष ठरविले. लुकास ग्लोव्हर अनेक वर्षे यिप्सने गांजला होता. त्याने 2023 मध्ये लांब पटर मोकळा धरला आणि ऑगस्टमध्ये लागोपाठ दोन स्पर्धा जिंकल्या. याचा अर्थ सर्वांनाच वाट सापडली असा नव्हे. कित्येकांनी मुकाट्याने खेळ सोडला असेल, आणि त्यांची नावे विजेत्यांच्या यादीत शोधून सापडणार नाहीत. नियमाची किंमत कोणीतरी देतच असते. ती देणाऱ्याला निदान एवढे दिसावे की, नियम त्याच्याविरुद्ध केलेला नसून ज्या गुणासाठी तो स्वतः या खेळाकडे वळला, त्या गुणाच्या रक्षणासाठी केलेला आहे.