महंत वीरभद्र मिश्र : गंगेचे सेवेकरी



आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात गंगोदकाचा एक बंद गडू असतो. घरातील कोणी वडीलधारे काशीयात्रा करून आले, गंगापूजन झाले, मावंदे झाले, आणि तो गडू पुढच्या पिढीच्या स्वाधीन झाला. ज्या घाटांवर असे गडू भरले जातात, त्या घाटांवर जन्म काढलेल्या एका गृहस्थाश्रमी विद्वानाचे हे चरित्र आहे.

वीरभद्र मिश्र यांचा जन्म १९३८ सालचा. काशीच्या दक्षिण अंगास, असी संगमाजवळ तुलसीघाट आहे. गोस्वामी तुलसीदासांचे वास्तव्य तेथे होते आणि त्यांच्या पादुका आजही तेथे जपलेल्या आहेत. संकटमोचन हनुमान मंदिराची गादी मिश्र घराण्याकडे चालत आली. महंत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संन्यासी उभा राहतो. येथे मात्र गादी संसारी गृहस्थाची, पित्याकडून पुत्राकडे जाणारी. महाजनकीचा वारसा सांभाळणाऱ्या आपल्या मंडळींना हे निराळे सांगावयास नको. वडिलांचे छत्र हरपले तेव्हा वीरभद्रजी अवघे चौदा वर्षांचे होते. त्या कोवळ्या वयात देवस्थानाचा भार शिरावर आला. तरीही त्यांनी शिक्षण सोडले नाही. पुढे ते काशी हिंदू विश्वविद्यालयात जल-अभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि स्थापत्य विभागाचे प्रमुख झाले. पहाटे गंगास्नान, मग पूजापाठ, आणि नंतर वर्गात पाण्याच्या प्रवाहाचे गणित, असा त्यांचा दिनक्रम असे.

या दोन आयुष्यांची गाठ पडली ती नदीच्या पाण्यातच. असी ही एके काळची ओढ्यासारखी नदी. तिचा नाला झाला. शहराचे मैलापाणी नाल्यानाल्यांतून थेट गंगेत उतरू लागले. भाविक ज्या पायऱ्यांवरून संकल्प सोडतात, त्याच पायऱ्यांच्या बाजूने ते वाहत होते. १९८२ साली विश्वविद्यालयातील दोन सहकाऱ्यांसह मिश्रजींनी संकटमोचन प्रतिष्ठान स्थापन केले आणि 'स्वच्छ गंगा' मोहीम सुरू केली. तुलसीघाटावर प्रयोगशाळा उभी राहिली. स्नानायोग्य पाण्यात १०० मिलिलिटरमागे ५०० पेक्षा अधिक कोलिफॉर्म जंतू असू नयेत, असा आपल्याकडील दंडक. काशीच्या खालच्या अंगास, वरुणा संगमाच्या बाजूला, हा आकडा लक्षांच्या घरात जाई.

निर्माल्य, दिवे आणि अर्धवट जळलेली प्रेते यांनीच गंगा नासली, असे सांगण्याची एक सोयीस्कर पद्धत आहे. दोष यात्रेकरूंच्या माथी मारला की नगररचनेला कोणी जाब विचारीत नाही. मिश्रजींचे मोजमाप वेगळे सांगत होते : बहुतांश घाण गटारांची आहे, आणि गटार वळविणे हे शासनाचे व नगरपालिकेचे काम आहे.

१९८६ साली पंतप्रधान राजीव गांधी यांनी काशीतच गंगा कृती योजनेचा प्रारंभ केला. यंत्रे आली, पंप बसले. मिश्रजींनी प्रथम त्या योजनेचे स्वागतच केले. पुढे तिचे दोष त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. पंप विजेवर चालत, आणि काशीत वीज तासन्‌तास जाई. वीज गेली की मैला पुन्हा नदीत. पावसाळ्यात पूर चढला की पंपघरे बंद. शिवाय त्या शुद्धीकरण केंद्रांची पद्धत अशी की पाण्यातील सेंद्रिय घाण कमी होई, परंतु रोगजंतू पुष्कळसे तसेच राहत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम ऑस्वाल्ड यांच्या साहाय्याने त्यांनी पर्यायी आराखडा तयार केला. घाटांच्या कडेने नळ टाकून मैला उताराने, पंपाविना, शहराच्या खाली न्यावयाचा. तेथे खोल व उथळ तळ्यांच्या मालिकेत तो मुरवावयाचा. शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करते आणि पाणी दीर्घकाळ साठून राहिल्याने जंतू मरतात. उन्हाची तर आपल्या देशात वाण नाही! १९९० च्या दशकात महापालिकेने हा आराखडा पसंत केला, पण राज्य शासनाशी ओढाताण सुरू झाली. कागद फिरत राहिले. त्यांच्या हयातीत ती तळी झाली नाहीत.

हे सर्व चालू असताना त्यांचे नित्य स्नान सुटले नव्हते. पाण्यात काय आहे हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक होते? प्रयोगशाळेतील नोंदवही त्यांच्या घरापासून काही पावलांवर होती. आपल्या मनातील ही ओढाताण त्यांनी कधी लपविली नाही : भक्ताला बुडी हवी, अभियंत्याला आकडा दिसतो. श्रद्धा सोडली असती तर मार्ग सोपा होता. आकडा झाकला असता तर त्याहून सोपा. गादीवरील पुरुषाने 'गंगामाई कधी विटाळत नाही' एवढे म्हटले असते तरी लोकांनी हात जोडले असते. त्यांनी दोन्हीही केले नाही.

लोकांशी बोलण्याची त्यांची रीतही ध्यानात घेण्याजोगी होती. गंगा अपवित्र झाली, असे म्हटले की भाविक दुखावतो आणि कान बंद करतो. म्हणून ते विचारीत, आपल्या आईच्या अंगावर कोणी घाण टाकीत असेल तर मुलाने काय करावे? मग साधूपासून नावाड्यापर्यंत सर्व जण ऐकून घेत. त्याच तुलसीघाटावर दर कार्तिकात नागनथैया लीला होते. बालकृष्ण कदंबावरून गंगेत उडी घेतो आणि कालियाच्या फणेवर उभा राहतो. विषारी डोहाची ती कथा महंत दरवर्षी पाहत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्याचे नमुने घेतले जात.

७ मार्च २००६ रोजी संकटमोचन मंदिरात बॉम्बस्फोट झाला, माणसे गेली. महंतांनी पूजाअर्चा खंडित होऊ दिली नाही, आणि शहराला शांत राहण्यास सांगितले. काशी शांत राहिली.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९९२ साली 'ग्लोबल ५००' सन्मान दिला. १९९९ साली 'टाइम' साप्ताहिकाने त्यांना पृथ्वीचे वीर म्हणून गौरविले. नदीचे पाणी मात्र त्यांना हवे तसे झाले नाही, आणि हे ते स्वतःच सर्वांआधी सांगत.

१३ मार्च २०१३ रोजी काशीतच त्यांचे निधन झाले. पुत्र विश्वंभरनाथ हे त्याच विश्वविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक. गादीवर ते बसले, आणि तिच्याबरोबर घाटावरची प्रयोगशाळाही त्यांच्या वाट्यास आली.