तेल आटत नाही, गळतं

श्रोतेहो, मी कवी माणूस. गाडीच्या बॉनेटखाली काय असतं, हे पन्नाशीपर्यंत मला ठाऊक नव्हतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती. आज त्याच विषयावर बोलायला बसलोय, म्हणजे मध्ये काहीतरी घडलं असणार, हे तुम्ही ओळखलंच असेल.

काही वर्षांपूर्वीची पावसाळी रात्र. अहेरीला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीकडे, आपाकडे, मी मुक्कामाला होतो. रात्री तिच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टर म्हणाले, लगेच चंद्रपूरला न्या. शंभराहून जास्त किलोमीटरचा रस्ता. माझी जुनी डिझेल गाडी दारातच होती. आपा आणि दुल्हाभाई मागे, भाचा माझ्या शेजारी. आलापल्ली मागे पडली, दोन्ही बाजूंनी जंगल सुरू झालं आणि लगाम नावाच्या गावाजवळ एका वळणावर स्टिअरिंग एकदम जड झालं. भरलेलं जातं ओढावं तसं. लगामपाशीच लगाम सुटला, हा विनोद आज सुचतो. त्या रात्री घाम फुटला होता.

"मामू, स्टिअरिंग लॉक हो गया!" भाचा ओरडला. पण ते लॉक झालं नव्हतं. दोन्ही हातांनी जोर लावला की वळत होतं. गोगलगायीच्या चालीनं आष्टी गाठली, तिथं दुसरी गाडी मिळाली आणि वैनगंगेचा पूल ओलांडून पहाटे चंद्रपूरला पोचलो. अल्लाची मेहरबानी, आपा वाचली. पण अशा दुखण्यात एकेक मिनिट मोलाचं असतं, आणि मी तिचा तासभर घालवला होता.

चार दिवसांनी गाडी पठाणपुऱ्यातल्या मिस्त्रीकडे आणली. त्यानं विचारलं, "चाचा, तेल डाला था क्या?" मी जरा ऐटीतच सांगितलं, महिन्यात दोनदा टाकलं. तो हसला नाही. म्हणाला, "दो बार डाला, तो वो गया कहाँ, ये नहीं पूछा?"

मंडळी, आजचं सगळं भाषण या एका प्रश्नात आहे. डिझेल जळतं, म्हणून कमी होतं. पॉवर स्टिअरिंगचं तेल जळत नाही. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप ते दाबानं पाइपातून पाठवतो, त्या दाबानं चाकं वळायला मदत होते आणि तेल पुन्हा डबीत येतं. अमेरिकेत १९५१ साली क्रायस्लर कंपनीनं ही सोय प्रवासी मोटारीत विकायला आणली, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. फिरून तेच तेल. म्हणून डबीतली पातळी उतरली, तर ते कुठेतरी गळतंय, दुसरा अर्थ नाही. वरून तेल ओतणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

आता तपासायचं कसं? आधी आपल्या गाडीत हे तेल आहे का, ते पाहा. बऱ्याच नव्या गाड्यांत विजेच्या मोटरवर चालणारं स्टिअरिंग असतं. त्यात सहसा तेलही नसतं आणि डबीही. डबी असेल तर तिच्या झाकणावर बहुधा स्टिअरिंगचं चित्र असतं. रात्री गाडी सपाट जागी लावा आणि इंजिनाखाली जुना पुठ्ठा अंथरा. सकाळी डाग पाहा. स्वच्छ पाणी असेल तर ते बहुधा एसीचं. हिरवं किंवा गुलाबी पाणी रेडिएटरचं. लालसर किंवा जुनं होऊन तपकिरी झालेलं पातळ तेल पुढच्या बाजूला दिसलं, तर संशय स्टिअरिंगवर घ्या.

मग इंजिन बंद ठेवून पंप, पाइपांचे जोड आणि चाकांकडे जाणारे रबरी बूट कापडानं पुसून घ्या. हँडब्रेक लावा, गाडी न्यूट्रलला घ्या, इंजिन सुरू करून घरातल्या कुणाला तरी स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत चार-पाच वेळा फिरवायला सांगा. टोकाला मात्र ते दाबून धरायचं नाही. आता टॉर्च लावून बघा, ओल कुठून येते. हात घालू नका, पट्टा फिरत असतो. ओढणी, उपरणं दूर ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच शिरू नका.

वळताना कण्हल्यासारखा आवाज येत असेल किंवा डबीत फेस दिसत असेल, तर तेल कमी होऊन हवा शिरली आहे. माझी गाडी पंधरा दिवस कण्हत होती; मी रेडिओचा आवाज वाढवत होतो. तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तेच टाका. ब्रेक ऑइल चुकूनही नको, आतली रबरं खराब होतात. गळणारं तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडलं, तर पेटूही शकतं.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढतो. त्या तापानं रबर कडक होऊन तडकतं. उरलेलं काम पावसाळ्यातले खड्डे करतात. वाटेतच स्टिअरिंग जड झालं, तर घाबरू नका. वेग कमी करा, दोन्ही हातांनी धरून गाडी कडेला घ्या.

माझ्या गाडीत एक जुना पाइप जोडापाशी चिरला होता. एका बोटाएवढी चीर. ताडोब्यातला गाइड सकाळी आधी मातीवरचे ठसे पाहतो, मग जिप्सी पुढे नेतो. आपणही गाडी हलवण्याआधी तिच्याखालची जमीन पाहावी, एवढंच.

आपा आता ठीक आहे. मी अहेरीला निघतो म्हणून फोन केला, की ती पूर्वी विचारायची, "खाना खाया?" आता विचारते, "गाडी के नीचे देखा?"