वाळवीचे मूळ घर

श्रीपूरच्या रानात उसाच्या लागणीची टिपरी पोखरणारी वाळवी आणि घराची चौकट खाणारी वाळवी बहुधा एकाच कुळातली, जमिनीत वस्ती करणारी. भिंतीवर चढणाऱ्या मातीच्या नळ्या हाच त्याचा पुरावा; मऊ अंगाची ही कीड उघड्यावर सुकून मरते, म्हणून ओल राखत मातीच्या आडोशानेच चालते. मग चौकटीवर रॉकेल ओतून काय साधणार? राणी तर खाली, सुरक्षित. कोणी म्हणेल, आमचे घर सिमेंटचे आहे. पण जोत्यातली बारीक भेगही कामकरी वाळवीला पुरते. म्हणून पाया भरतानाच मातीवर औषधप्रक्रिया करून घ्यावी. भारतीय मानक ६३१३ त्यासाठीच आहे. जुन्या घरात गळका नळ आधी दुरुस्त करावा, भिंतीला टेकवलेले सरपण हलवावे. कोरड्या लाकडातच राहणारी जातही असते. तिथे मात्र उपचार लाकडावरच हवा.