प्रभुभोजनातील पंक्तिभेद

पंक्तिभेद हा शब्द महाराष्ट्रातील कोणत्याही घरात समजावून सांगावा लागत नाही. कोणाची पंगत आधी, कोणाची मागून, कोणाचे पान ओटीवर आणि कोणाचे अंगणात, ह्यावरून माणसाची योग्यता ठरविण्याची रीत येथे पिढ्यान् पिढ्या चालत आली. आणि तिच्याविरुद्ध सहभोजनाची चळवळही ह्याच भूमीत झाली. दक्षिण आफ्रिकेतील ख्रिस्ती मंडळ्यांच्या इतिहासात हाच प्रश्न निराळ्या वेषात उभा राहिलेला दिसतो. तेथे पंगत होती ती प्रभुभोजनाची. भाकर आणि द्राक्षारस ह्यांच्या त्या विधीत ख्रिस्ताचे सर्व अनुयायी एका मेजाचे भागीदार मानले जातात. गोऱ्याने आणि काळ्याने त्या मेजाशी एकत्र बसावे की नाही, ह्या एका प्रश्नातून पुढे दीडशे वर्षांचा वाद निर्माण झाला; आणि तो मिटविण्यासाठी जे संवाद घडवून आणण्यात आले, त्यांची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

केप प्रांतातील डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभेपुढे हा प्रश्न १८२९ साली आला. प्रभुभोजन देताना वर्णावरून भेद करू नये, असा स्वच्छ निर्णय त्या सभेने दिला. परंतु १८५७ सालापर्यंत वारे फिरले होते. त्या वर्षीच्या सभेनेही तत्त्व म्हणून जुनेच ठेवले. नवख्रिस्ती लोकांना पूर्वीच्या मंडळीतच सामावून घेणे इष्ट व शास्त्रसंमत होय, असे तिने म्हटले. मात्र काही जणांच्या दुर्बलतेमुळे जेथे अडचण होईल, तेथे त्या लोकांची उपासना वेगळ्या इमारतीत करण्यास तिने मुभा दिली. दुर्बलता कोणाची, तर गोऱ्यांची. आणि तिच्यापायी देवळाबाहेर जावे लागले ते काळ्यांना! सवलत म्हणून जे दिले, त्याचा हळूहळू नियम झाला. १८८१ साली मिश्रवंशीयांसाठी निराळे मिशन चर्च स्थापन झाले, पुढे आफ्रिकी लोकांचेही वेगळे चर्च निघाले. आणि १९४८ साली नॅशनल पक्ष अधिकारारूढ होऊन 'अपार्थाइड', म्हणजे वंशावंशांची सक्तीची फारकत, हे राज्याचे धोरण ठरले, तेव्हा त्या धोरणाला बायबलाचा आधार शोधून देणारे धर्मपंडित आयतेच तयार होते.

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे परवान्याच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. एकोणसत्तर माणसे मृत्युमुखी पडली. ह्या घटनेने चर्चाचर्चांतील वाद विकोपास गेला. केप टाउनचे अँग्लिकन आर्चबिशप जूस्ट डी ब्लँक हे स्वभावाने तिखट होते. अपार्थाइडचा त्याग न करणाऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चांना जागतिक चर्च परिषदेतून काढून टाकावे, अशी मागणी त्यांनी केली. मागणी न्याय्य नव्हती असे कोणी म्हणणार नाही. परंतु परिषदेने बहिष्काराचा मार्ग पत्करला नाही. तिने रॉबर्ट बिल्हायमर नावाच्या आपल्या अधिकाऱ्यास दक्षिण आफ्रिकेत धाडले. त्याने दोन्ही बाजूंच्या गाठीभेटी घेतल्या, आणि सर्वांनी एकत्र बसून विचार करावा, ह्याला त्यांची संमती मिळविली.

ही बैठक ७ ते १४ डिसेंबर १९६० ह्या दिवसांत जोहान्सबर्ग येथील कॉटेस्लो ह्या ठिकाणी, विटवॉटर्सरँड विद्यापीठाच्या एका छात्रालयात भरली. परिषदेची सभासद असलेली आठ चर्चे आणि प्रत्येकाचे दहा प्रतिनिधी, असे ऐंशी लोक जमले. बाहेरून सहा जण आले होते. त्यांत नायजेरियाचे सर फ्रान्सिस इबियाम हे आफ्रिकी गृहस्थही होते. अध्यक्षस्थानी अमेरिकेतील लूथरन धर्मपुढारी फ्रँकलिन क्लार्क फ्राय होते. प्रतिनिधींमध्ये कादंबरीकार ॲलन पेटन होते, आणि आफ्रिकी विद्वान प्राध्यापक झेड. के. मॅथ्यूजही होते.

ठरावांपेक्षा बैठकीच्या व्यवस्थेकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. सर्व वर्णांचे प्रतिनिधी एकाच छपराखाली उतरले व एकाच भोजनगृहात जेवले. ज्या देशात आगगाडीचे डबे, टपाल कचेरीच्या खिडक्या आणि बागेतील बाकेदेखील वर्णानुसार वाटून दिलेली होती, त्या देशात हे घडत होते. काळा मनुष्य नोकर म्हणून घरात वावरतो, हे त्या गोऱ्या धर्मोपदेशकांना नित्याचे होते; तो शेजारच्या खुर्चीवर बसून आपल्या मताला उत्तर देतो, हा अनुभव त्यांतील अनेकांना नवा होता. दुसरी गोष्ट अशी की, कोणी रिकाम्या हाताने आले नव्हते. विचारार्थ घ्यावयाच्या प्रश्नांवर प्रत्येक चर्चने आधीच टिपणे तयार केली होती, आणि गंमत अशी की, अंतिम निवेदनातील पुष्कळसा भाग केप प्रांताच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्याच टिपणांतून आलेला होता. तिसरी गोष्ट मतदानाची. साध्या बहुमताने एका पक्षाने दुसऱ्यावर मात करावी, असा प्रकार ठेवलेला नव्हता. निवेदनात जावयाच्या मजकुराला शेकडा ऐंशी प्रतिनिधींची संमती लागे. त्यामुळे वक्तृत्वाने टाळ्या मिळविण्याचा मोह आपोआपच कमी झाला आणि समोरच्याचे म्हणणे नीट ऐकून घेणे प्रत्येकास भाग पडले.

ज्यांनी बहिष्काराची मागणी केली होती, ते डी ब्लँकही ह्या आठ दिवसांत निवळले. आपण पूर्वी रागाच्या भरात आणि पुरते न जाणता जे बोललो, त्याबद्दल त्यांनी भर सभेत खेद व्यक्त केला. डच रिफॉर्म्ड प्रतिनिधींनी तो मोकळ्या मनाने स्वीकारला.

शेवटी जे निवेदन निघाले, ते आजच्या मानाने मवाळ वाटेल. त्या काळी ते सुरुंगासारखे होते. ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणाऱ्या कोणासही वर्णावरून कोणत्याही चर्चच्या बाहेर ठेवता येणार नाही. मिश्रविवाहांवर बंदी घालण्यास धर्मशास्त्राचा आधार नाही. मनुष्य जेथे वस्ती करून राहतो तेथे जमीन बाळगण्याचा आणि देशाच्या राज्यकारभारात भाग घेण्याचा हक्क हा त्याच्या माणुसकीचाच भाग आहे, अशी विधाने त्यात होती. मिश्रवंशीयांना पार्लमेंटात थेट प्रतिनिधित्व देण्यास तत्त्वतः हरकत नाही, असेही त्यात म्हटले होते. देशात कायमची वस्ती करून असलेले सर्वच वंश ह्या देशाचेच होत, हे वाक्य हिंदी लोकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे होते. १८६० साली नाताळच्या उसाच्या मळ्यांवर पहिले हिंदी मजूर उतरले. त्याला शंभर वर्षे पूर्ण झाली त्याच सुमारास हे निवेदन निघाले, आणि तरीही त्यांच्या वंशजांना सरकार तोपर्यंत परकेच लेखीत होते.

नेदरडाइट्श हर्फोर्म्ड चर्चच्या प्रतिनिधींनी आपली असंमती तेथल्या तेथेच नोंदविली. केप आणि ट्रान्सव्हाल येथील डच रिफॉर्म्ड प्रतिनिधींनी मात्र निवेदनास मान्यता दिली. पण ते घरी परतले आणि चित्र पालटले. पंतप्रधान फर्वुर्ड ह्यांनी आपल्या नववर्षाच्या संदेशात असे बजावले की, हे काही व्यक्तींचे मत आहे. चर्चे अजून बोललेली नाहीत. हा इशारा धर्मसभांना पुरेसा झाला. १९६१ साली एकामागून एक सभांनी कॉटेस्लोचे निवेदन झिडकारले आणि ती तिन्ही चर्चे जागतिक परिषदेतून बाहेर पडली.

फर्वुर्ड ह्यांच्या बोलण्यात कपट होते, तसेच थोडे सत्यही होते. ऐंशी माणसांनी एकत्र आठ दिवस काढले होते. त्यांच्या मागे असलेल्या लक्षावधींनी एक घटकाही काढली नव्हती. शेतावरच्या बोअर कुटुंबाला वर्तमानपत्रात अचानक वाचावयास मिळाले की, आपल्या पाळकांनी मिश्रविवाहाला हरकत घेतली नाही. मधला प्रवास त्याने पाहिलेला नव्हता. त्याला तो विश्वासघात वाटला, ह्यात नवल नाही. संवादाची इतकी उत्तम मांडणी करणाऱ्यांनी गावोगावच्या मंडळ्यांचा विचार शेवटी ठेवला, ही त्या योजनेतील मोठी उणीव होती.

ज्यांनी आपली सही मागे घेतली नाही, त्यांत बेयर्स नॉडे हे प्रमुख होत. त्यांचे वडील 'ब्रुडरबाँड' ह्या आफ्रिकानर लोकांच्या गुप्त संघटनेच्या संस्थापकांपैकी. स्वतः बेयर्सही १९४० पासून तिचे सभासद होते. म्हणजे हा मनुष्य राजमान्य आणि लोकमान्यही होता. मिशन चर्चांत काम करणाऱ्या काही तरुण गोऱ्या पाळकांनी त्यांना काळ्यांच्या वस्त्यांत नेऊन तेथील स्थिती दाखविली, तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. १९६३ साली त्यांनी ब्रुडरबाँड सोडले, 'ख्रिश्चन इन्स्टिट्यूट' ही सर्व वर्णांना खुली संस्था काढली, आणि तिचे संचालकपद पत्करले म्हणून त्यांचे पाळकपद गेले. कॉटेस्लोत जे आठ दिवस घडले ते लहान लहान बायबल-अभ्यास मंडळांतून बारमाही घडवावे, असा त्या संस्थेचा खटाटोप होता. १९७७ साली सरकारने संस्थेवर बंदी घातली आणि नॉडे ह्यांच्यावर निर्बंध लादले. एका वेळी एकापेक्षा अधिक माणसांशी त्यांनी भेटू नये, असा हुकूम होता. माणसांना एकत्र बसविण्याचा ज्याने ध्यास घेतला, त्याला सात वर्षे अशी काढावी लागली! त्या काळातच, १९८० साली, ते गोऱ्यांचे चर्च सोडून अलेक्झांड्रा येथील आफ्रिकी मंडळीचे सभासद झाले.

मंडळीतील सामान्य माणसांपर्यंत संवाद नेण्याचा अधिक साधा मार्ग निको स्मिथ ह्यांना सापडला. हे स्टेलनबॉश येथे धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते. ती जागा सोडून ते प्रिटोरियाजवळील ममेलोडी ह्या काळ्यांच्या वस्तीत पाळक झाले आणि पुढे पत्नीसह तेथेच राहावयास गेले. त्यांच्या 'कोइनोनिया' चळवळीत काही गोरी व काही काळी जोडपी मिळून एक गट होई, आणि ती जोडपी आळीपाळीने एकमेकांच्या घरी जेवावयास जात. सभा नाही, ठराव नाही. जेवताना मुलांच्या शाळेच्या गोष्टी निघत आणि शाळेवरून सगळे राज्यशास्त्र निघे. १९८८ साली ह्याच चळवळीतून पुष्कळ गोरी माणसे काही दिवस ममेलोडीतील कुटुंबांत पाहुणी म्हणून राहिली. ज्या वस्तीचे दिवे त्यांना दुरून दिसत, तेथे रात्र काढण्याचा त्यांतील बहुतेकांचा हा पहिलाच प्रसंग असावा.

परंतु अशा भोजनांवर आक्षेपही होते आणि ते वजनदार होते. १९८५ साली सोवेटो परिसरातील धर्मशास्त्रज्ञांनी व पाळकांनी 'कायरोस' नावाचे निवेदन प्रसिद्ध केले. चर्चे दोन्ही पक्षांना समेट करण्याचा उपदेश करतात, जणू काय दोघांचाही थोडाथोडा दोष आहे आणि हा केवळ गैरसमज आहे. पण एकाच्या हाती बंदूक असून दुसऱ्याच्या अंगावर वळ असताना न्यायाशिवाय समेट कसला, असा त्या निवेदनाचा आशय होता. ह्या प्रश्नाला बगल देऊन केलेली चर्चा म्हणजे गोऱ्यांच्या मनाचे समाधान, एवढाच तिचा अर्थ उरतो. त्याआधी १९८२ साली ऑटावा येथे जागतिक रिफॉर्म्ड चर्च संघाच्या अधिवेशनात ॲलन बूसाक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी गोऱ्या दक्षिण आफ्रिकी प्रतिनिधींबरोबर प्रभुभोजन घेण्याचे नाकारले होते. स्वदेशी ज्या मेजावर आम्हांला जागा नाही, त्या मेजाचा देखावा परदेशी कशाला, असा त्यांचा रोख होता. संघाने अपार्थाइडचे धार्मिक समर्थन हे पाखंड ठरविले. त्याच वर्षी मिश्रवंशीयांच्या मिशन चर्चने 'बेलहार' येथे एकता, समेट व न्याय ह्यांवरील आपली श्रद्धा शब्दबद्ध केली, आणि १९८६ साली ती रीतसर स्वीकारली.

नोव्हेंबर १९९० मध्ये रस्टेनबर्ग येथे सर्व चर्चांची परिषद भरली. तेथे स्टेलनबॉशचे प्राध्यापक विली योन्कर ह्यांनी अपार्थाइडच्या पापाचा स्वतःच्या व आपल्या चर्चच्या वतीने कबुलीजबाब दिला. आर्चबिशप डेस्मंड टुटू ह्यांनी उठून क्षमा जाहीर केली. माजी राष्ट्राध्यक्ष बोथा ह्यांनी मात्र डच रिफॉर्म्ड चर्चच्या अध्यक्षांना दूरध्वनी करून नापसंती कळविली; आणि उलट काही काळ्या प्रतिनिधींनी विचारले की, भरपाईची भाषा निघण्यापूर्वी क्षमेची इतकी घाई का? दोन्ही बाजूंनी आलेला हा असंतोष पाहिला म्हणजे योन्कर ह्यांचे शब्द पोकळ नव्हते, असे वाटते. १९९४ साली डच रिफॉर्म्ड चर्चच्या महासभेने बेयर्स नॉडे ह्यांचा सन्मानपूर्वक सत्कार केला व त्यांची क्षमा मागितली. ते तेव्हा एकूणऐंशी वर्षांचे होते.

त्याच वर्षी मिश्रवंशीयांचे आणि आफ्रिकी लोकांचे अशी दोन चर्चे एक झाली, आणि बेलहारचे श्रद्धापत्र हा त्या एकीचा पाया ठरला. गोऱ्यांच्या चर्चनेही त्यांत सामील व्हावे म्हणून अनेक वर्षे वाटाघाटी चालल्या. २०११ साली त्याच्या महासभेने बेलहारला आपल्या श्रद्धापत्रांत स्थान देण्याचे ठरविले. पण त्यासाठी प्रत्येक प्रादेशिक धर्मसभेत दोन तृतीयांश मतांची आवश्यकता होती. पुढाऱ्यांचे मन वळले होते. गावोगावच्या मंडळ्यांचे प्रतिनिधी मतदानाला बसले तेव्हा २०१५ सालापर्यंत तेवढी मते सर्वत्र पडली नाहीत, आणि ती दुरुस्ती तशीच राहिली.