उमाळा आणि आज्ञापालन

आपल्या हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे नामदेवांचे गाव अशी परंपरा आहे. नामदेवांची एक कथा आपण कीर्तनात पुष्कळदा ऐकतो. पांडुरंग ज्यांच्याशी बोलत असे, त्या नामदेवांचे मडके गोरोबाकाकांनी कच्चे ठरविले. मग औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे त्यांना शिकायला जावे लागले. प्रेम होते, डोळ्यांत पाणी होते, पण शिकणे बाकी होते. भक्तीचा उमाळा आला म्हणजे काम संपते काय? हाच प्रश्न आज ख्रिस्ती मंडळींच्या एका हकिकतीतून पाहू या.

पुण्याकडून दौंडला जाताना केडगाव लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. १९०५ च्या जानेवारीत तिथल्या सत्तरएक जणी रोज प्रार्थनेला जमू लागल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. जूनअखेरीस एके दिवशी रमाबाई नेहमीच्या शांतपणे शास्त्र समजावून देत असता मुली रडू लागल्या, आपली पापे उघड सांगू लागल्या आणि एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. बाईंना बोलणे थांबवावे लागले. या जागृतीची वार्ता देशोदेशी गेली.

आता बघा, असा लोट आला की माणसाला वाटते, हेच शिखर. रमाबाईंनी मुलींचे रडणे दडपले नाही. पण तेवढ्यावर समाधानही मानले नाही. मुलींचे गट आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले. जात्याचे, मागाचे, शेतीचे, छापखान्याचे काम होतेच. दीड हजारांहून अधिक बायामुली जिथे राहिल्या, तिथे प्रार्थना झाल्यावर कोणीतरी पीठ मळायलाच हवे!

रमाबाईंच्या दृष्टीने देवाची आज्ञा ही अशी हातापायांना काम लावणारी होती. १८७४ च्या सुमारास उपासमारीत त्यांचे आईवडील गेले होते. १८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. हाताशी पैसा पुरेसा नव्हता. तरी 'आधी सोय होऊ दे, मग पाहू' असे त्या म्हणाल्या नाहीत.

पण मंडळी, आज्ञापालन म्हणजे जो सांगेल त्याच्यापुढे मान तुकविणे नव्हे. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर तिथल्या वडीलधाऱ्या धर्मभगिनींशी आणि धर्मगुरूंशी त्यांचा पत्रांतून कडक वाद झाला. एका पुरोहितवर्गाचे जू उतरवून दुसऱ्याचे मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या. ईश्वराची आज्ञा वेगळी आणि त्याच्या नावाने माणसाने केलेला हुकूम वेगळा, हा भेद त्यांनी कधी सोडला नाही. शिक्षकबंधूंनी हे ध्यानात घ्यावे. गुरुजींची पाठ वळताच जो वर्ग गोंधळ घालतो, तो आज्ञाधारक नव्हता. तो नुसता भ्यालेला होता.

मग खरी आज्ञा ओळखायची कशी? 'देवाने मला सांगितले' असे कुणीही म्हणू शकतो. माझ्या मते एक साधी कसोटी आहे. त्या आज्ञेची किंमत कोण मोजतो? सांगणारा स्वतः झिजत असेल आणि दुसऱ्याचे भले होत असेल, तर ऐकावे. झीज दुसऱ्याची आणि मान आपला असेल, तर सावध व्हावे.

या कसोटीला रमाबाई उतरतात. जागृतीच्या त्याच काळात त्यांनी बायबलाचे भाषांतर हाती घेतले. संस्कृताची ही पंडिता उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली, आणि भाषा मात्र निवडली खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला कळेल अशी साधी मराठी. आपली विद्वत्ता बाजूला ठेवणे ही पंडिताला सोपी गोष्ट नव्हे! सुमारे दीड तप हे काम चालले. मधे १९२१ साली त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली. पुढल्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. मुक्तिसदनातल्या बायकांनी छापलेले ते संपूर्ण भाषांतर १९२४ साली बाहेर पडले.

आपल्याकडेही सप्ताह होतात, टाळमृदंगाने गाव दुमदुमते. ते हवेच. गळ्यात माळ घातली की खोटे बोलणे आणि दारू सुटावी, हे वारकऱ्याला सांगावे लागत नाही. काल्याचा प्रसाद वाटून झाला, मांडव उतरला, की दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरच्या भांडणात, वजनाच्या काट्यावर आणि घरच्या सुनेशी आपण कसे वागतो, तेवढे पाहावे.