शस्त्र, संयम आणि आपली अनुमोदना

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)

 

मी काही व्याख्याता नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि त्यानंतरची चार दशके गादीवर बसून कापडाचे ताके उलगडण्यात गेली. 'अहिंसा आणि आजचा समाज' या विषयावर बोलावे, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. अहिंसेच्या शास्त्रीय बाजूवर बोलणारे अधिकारी पुरुष या सभेत आहेत. मी एवढेच ठरविले की, जी हिंसा आपण स्वतः कधी करीत नाही, परंतु प्रसंगी दुसऱ्याकडून मागून घेतो, तिच्याविषयी बोलावे. ती म्हणजे कायदा आणि सुव्यवस्थेच्या नावाने पोलिसांकडून होणारा बळाचा अतिरेकी वापर.

आपल्या मराठवाड्यात 'पोलीस अॅक्शन' हा शब्द घरोघरी परिचित आहे. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरले आणि 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. रणगाडे होते, विमाने होती. तरी त्या मोहिमेला नाव मिळाले पोलीस कारवाईचे, कारण हा भारताच्या घरातील प्रश्न आहे हे जगाला सांगावयाचे होते. त्या वेळी लष्कराने पोलिसांचे नाव घेतले होते. आज उलट प्रवास चालू आहे. पोलिसांच्या हाती लष्कराची साधने येत आहेत आणि त्याहून चिंतेची बाब म्हणजे लष्कराची दृष्टीही येऊ लागली आहे. सैनिकापुढे शत्रू असतो. पोलिसापुढे, तो कितीही भडकलेला असो, आपलाच नागरिक असतो. हा भेद पुसला गेला तर काय होते, हे सांगण्यापूर्वी मला माझी स्वतःची एक चूक आपणापुढे कबूल केली पाहिजे.

11 मे 2018 ची रात्र आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मोतीकारंजा भागात ठिणगी पडली आणि पाहता पाहता गांधीनगर, राजाबाजार, शहागंजपर्यंत दंगल पसरली. दुकाने जळाली. मी गच्चीवर उभा राहून धूर पाहत होतो. कोणत्या दुकानाचा धूर आहे, आपला माल शिल्लक राहील की नाही, एवढाच विचार मनात होता. ओळखीच्या एका गृहस्थांचा फोन आला, तेव्हा मी संतापाने म्हणालो, "पोलीस बघत काय बसले आहेत? गोळ्या का घालीत नाहीत?"

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून कळले की, पोलिसांच्या गोळीबारात एक सतरा वर्षांचा मुलगा गेला आणि जाळपोळीत एक वृद्ध गृहस्थ गेले. एक सहायक पोलीस आयुक्तही गंभीर जखमी झाले होते. त्या रात्री पोलिसांपुढे काय परिस्थिती होती, गोळीबार आवश्यक होता की नव्हता, याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. मला एवढेच माहीत आहे की, ज्या वेळी कोणीतरी बंदुकीचा घोडा ओढला, त्या वेळी माझी त्यास संमती होती. तो मुलगा माझ्या नातवाच्या वयाचा होता. माझे दुकान मात्र सुरक्षित राहिले.

मित्रहो, आपल्या धर्मात हिंसा तीन प्रकारे घडते असे सांगितले आहे: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि झालेली पाहून मान्य केलेली. पहिलीपासून आपण दूर राहतो. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपतो. दुसरी आणि तिसरी मात्र फोनवरून, बैठकीतून, निवेदनातून सहज घडून जाते. गृहस्थाला विरोधी हिंसेची, म्हणजे स्वसंरक्षणाची, मुभा आहे हे खरे. परंतु मुभेलाही माप असते. आम्ही कापडवाले ताका फाडण्यापूर्वी दोनदा मोजतो, कारण फाडलेले कापड पुन्हा अखंड होत नाही. गोळीचेही तसेच आहे.

हे माप कायद्यानेही घालून दिले आहे. बेकायदा जमाव पांगविण्याची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 129 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 मध्ये आहे. आधी पांगण्याचा आदेश, तो न मानल्यास बळ, असा तिचा क्रम आहे. त्याच्या पुढच्याच कलमात सैन्याला पाचारण करण्याची सोय आहे आणि तेथे स्पष्ट लिहिले आहे की, जमाव पांगविण्यास आवश्यक तेवढेच, कमीत कमी बळ वापरावे आणि शरीराची व मालमत्तेची कमीत कमी हानी करावी. विचार करा, युद्धाचे शिक्षण घेतलेल्या सैन्यालाही नागरिकांपुढे आल्यावर कायदा संयम शिकवितो. मग पोलिसांकडून त्याहून अधिक संयमाची अपेक्षा ठेवणे गैर कसे?

प्रत्यक्षात काय घडले? महाराष्ट्रातील काही तारखा आपण विसरू नयेत.

23 नोव्हेंबर 1994. नागपुरात विधिमंडळाचे अधिवेशन चालू असताना गोवारी समाजाचा मोर्चा आला. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि 114 जीव गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. तेथे एकही तोफ नव्हती. घाबरलेल्या गर्दीला वाट न ठेवता रेटले, तर लाठीसुद्धा केवढा संहार घडविते, हे त्या दिवशी दिसले.

11 जुलै 1997. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे पहाटे लक्षात आले. संतप्त लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा जण मृत्युमुखी पडले. महामार्गावरील गॅसचे टँकर जमाव पेटवील म्हणून गोळीबार केला, असे समर्थन देण्यात आले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने ते स्वीकारले नाही आणि गोळीबार अनावश्यक ठरविला. 2009 मध्ये सत्र न्यायालयाने तुकडीच्या प्रमुखास सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप दिली. पुढे उच्च न्यायालयात अपील होऊन त्यांना जामीन मिळाला. निकालापर्यंत पोहोचावयास बारा वर्षे लागली. आपण व्यापारी लोक. बारा वर्षांची थकबाकी म्हणजे काय, ते आपणास समजते.

9 ऑगस्ट 2011. पवना धरणाच्या जलवाहिनीविरुद्ध मावळचे शेतकरी पुणे-मुंबई द्रुतगती महामार्गावर उतरले. गोळीबारात तिघे गेले, त्यांत एक स्त्री होती.

आणि आपल्या दाराशी, 1 सप्टेंबर 2023 रोजी, जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे उपोषणस्थळी लाठीमार झाला. आंदोलक जखमी झाले, पोलीसही जखमी झाले. काही दिवसांतच गृहखाते सांभाळणाऱ्या उपमुख्यमंत्र्यांनी शासनाच्या वतीने जाहीर क्षमा मागितली. क्षमेचे महत्त्व आपल्याला कोणी सांगावयास नको. परंतु क्षमा मागण्याची वेळच येऊ नये, यासाठी व्यवस्था असावी लागते.

येथे कोणी म्हणेल, काका, आपण पोलिसांना निःशस्त्र करू पाहता काय? मुळीच नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईत दहशतवाद्यांपाशी एके-47 होत्या आणि आपल्या पोलिसांच्या हाती जुन्या रायफली व लाठ्या होत्या. 166 निरपराध माणसे मृत्यू पावली. त्यानंतर राज्याने 'फोर्स वन' उभारले, शीघ्र कृती दले वाढविली, चिलखती वाहने घेतली. ते आवश्यकच होते. प्रश्न शस्त्र असण्याचा नाही. ते कोणासमोर आणि कोणत्या भावनेने उचलले जाते याचा आहे. दहशतवाद्यासाठी घेतलेले साधन मोर्च्यातील शेतकऱ्यासमोर आणून उभे केले, तर धारण करणाऱ्याच्या मनातही समोरचा मनुष्य हळूहळू शत्रू होऊ लागतो.

अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर घडले. तेथे 1997 या आर्थिक वर्षासाठीच्या संरक्षण कायद्याने लष्कराची जास्तीची सामग्री गावोगावच्या पोलिसांना देण्याचा मार्ग खुला झाला. 2014 मध्ये फर्ग्युसन या लहान शहरात एका कृष्णवर्णीय तरुणाच्या मृत्यूनंतर लोक रस्त्यावर आले, तेव्हा त्यांच्यापुढे चिलखती गाड्या आणि रोखलेल्या रायफली उभ्या राहिल्या. ती चित्रे पाहून जगाने विचारले, हे पोलीस आहेत की आक्रमण करून आलेली फौज? आपल्याकडे तर मुळातच 1861 चा पोलीस कायदा 1857 च्या उठावानंतर, परक्या राज्यकर्त्यांनी प्रजेला धाकात ठेवण्यासाठी केलेला. तो वारसा सौम्य करणे हे स्वतंत्र देशाचे काम होते. ते अजून पुरे झालेले नाही.

26/11 चीच आणखी एक आठवण सांगतो. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती त्या रात्री गिरगाव चौपाटीवर केवळ लाठी होती. त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि तो जिवंत सापडला. त्यामुळे खटला चालला, कट उघड झाला आणि न्यायालयाच्या निर्णयानंतर 21 नोव्हेंबर 2012 रोजी त्यास फाशी झाली. एवढ्या क्रूर अपराध्यालाही आपण न्यायासनापुढे उभे केले. माझ्या मते आपल्या पोलीस दलाचे ते सर्वोच्च शिखर आहे.

त्याच्या उलट चित्र 6 डिसेंबर 2019 चे. हैदराबादेत एका तरुणीवरील अमानुष अत्याचार आणि हत्येच्या चार संशयितांना पोलिसांनी चकमकीत ठार केले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. आपल्या शहरातही अनेकांनी एकमेकांना अभिनंदनाचे संदेश धाडले, मलाही आले. 2022 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाचा अहवाल उघड झाला. चौघांना ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यांतील तिघे अल्पवयीन होते, असा त्याचा निष्कर्ष होता. ते दोषी होते की निर्दोष, हे आता कोणतेही न्यायालय सांगू शकणार नाही. त्या फुलांना शास्त्रात एकच शब्द आहे, अनुमोदना.

मग उपाय काय? तो आपल्याच राज्यात आणि आपल्याच धंद्याच्या गावी सापडला होता. भिवंडीला आपल्यापैकी अनेकजण मालासाठी जात आले आहेत. यंत्रमागांचे ते शहर 1970 आणि 1984 च्या दंगलींनी होरपळले होते. 1988 नंतर तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांची माणसे आणि स्थानिक पोलीस नियमाने एकत्र बसू लागले. भांडण लहान असतानाच मिटू लागले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे तेथे 900 जण मृत्यू पावले, त्यांपैकी 356 पोलिसांच्या गोळीबारात. त्याच काळात भिवंडी शांत राहिली. तेथे अधिक बंदुका नव्हत्या. पोलीस आणि लोक एकमेकांना नावाने ओळखत होते.

यावरून मला तीन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. शांतता समितीच्या बैठकीची सूचना आली की आपण नोकराला किंवा मुनीमजींना पाठवितो. यापुढे स्वतः जावे आणि शेजारच्या मोहल्ल्यातील व्यापाऱ्याशी वर्षभर ओळख ठेवावी. दुसरे, गोळीबार झाला तर त्याचा हिशेब मागावा. आपण रोजमेळात चार आण्यांची चूक सोडीत नाही. एका जिवाची नोंद कशी सोडावी? सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या प्रकाश सिंह निकालात पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापन करण्याचा आदेश दिला, 2014 मध्ये चकमकीतील मृत्यूंच्या चौकशीचे नियम घालून दिले. महाराष्ट्रातही असे प्राधिकरण अस्तित्वात आहे. ही माहिती आपल्या तरुणांना असावी. तिसरे, पोलीस शिपायाकडे माणूस म्हणून पाहावे. आमच्या दुकानी खाकीचे कापड घेण्यास येणारे शिपाई मी आयुष्यभर पाहिले आहेत. सणासुदीला आपण घरी असतो, तेव्हा तो बंदोबस्तात उन्हात उभा असतो. थकलेल्या, उपाशी हातात शस्त्र देऊन संयमाची अपेक्षा करणे हाही एक अन्यायच आहे.

दरवर्षी संवत्सरीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. 2018 पासून त्या दिवशी मी एका अशा मुलाची क्षमा मागतो, ज्याला मी कधी पाहिले नाही. मी गोळी झाडली नाही, परंतु मागितली होती. पुन्हा कधी शहरात धूर दिसला, तर आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघावा, हे आपण आज, शांततेच्या काळातच ठरवून ठेवू या. माझ्या बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छा मि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.