जंतूचे नाव

आजारी मोठा माणूस आपले दुखणे शब्दांत सांगतो. तान्ह्या बाळाला ती सोय नाही. रक्तात जंतू शिरले म्हणजे मोठ्यांना हुडहुडी भरून ताप येतो. नवजात बालकाचे अंग पुष्कळदा उलट गार पडते. ते दूध ओढीनासे होते, मलूल दिसते, त्याचा श्वास जलद चालतो किंवा मध्येच थांबतो. लक्षणे एवढीच, ती उत्पन्न करणारे जंतू मात्र अनेक.

म्हणून डॉक्टर जंतूची ओळख पटेपर्यंत थांबत नाहीत. बहुधा अँपिसिलिन व जेंटामायसिन ही औषधे तत्काळ सुरू होतात, आणि ते योग्यच होय. परंतु प्रत्येक जंतू त्यांना बधतोच असे नाही.

१९५९ साली अमेरिकेतील एलिझाबेथ किंग या जंतुशास्त्रज्ञ विदुषींनी अर्भकांच्या मस्तिष्कावरणदाहात सापडणाऱ्या एका अपरिचित जंतूचे वर्णन प्रसिद्ध केले. २००५ मध्ये त्याच्या कुळाला 'एलिझाबेथकिंगिया' हे नाव मिळाले. हा जंतू विरळा. परंतु भारतातील नवजात कक्षांतही तो आढळला आहे, आणि अपुऱ्या दिवसांच्या बालकांना तो विशेष घातक ठरतो. वरील दोन औषधांनाच नव्हे, तर कार्बापेनेम गटातील भारी औषधांनाही तो सहसा दाद देत नाही. त्याचे नाव कळले नाही, तर औषध अधिकाधिक महाग होत जाते आणि बाळ मात्र खंगत राहते.

हे नाव कळावे कसे? औषधाचा पहिला डोस देण्यापूर्वी घेतलेल्या रक्तातून. त्यासाठी निदान १ मिलिलिटर रक्त लागते. किलोभर वजनाच्या बाळाच्या अंगात रक्त असते ते सारे सुमारे ८० ते ९० मिलिलिटर. तेव्हा आईचा जीव कासावीस होणे स्वाभाविकच. पण त्या थेंबांतील जंतू बहुधा दोन दिवसांत वाढतात, आणि कोणते औषध त्यांवर चालेल हे पारखता येते. हा जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत जात असल्याने पाठीच्या कण्यातील पाणीही तपासावे लागते.

नावाचा आणखी एक उपयोग आहे. हा जंतू पाण्यात व ओलसर जागी राहतो. त्याचे नाव अहवालात आले, की नळ आणि हात धुण्याचे कुंड तपासलेच पाहिजे. शेजारच्या पाळण्यातील बाळाचे रक्षण त्यावर अवलंबून असते. जिल्ह्याच्या रुग्णालयाला औषधे पुरवून शासनाचे कर्तव्य संपत नाही; रक्त तपासणारी प्रयोगशाळा आणि स्वच्छ पाणी हेही उपचारच आहेत.